टँक : एका शब्दाची दोन कुळे आणि म्हैसूरचे केरे

इंग्रजी भाषेतील ‘टँक’ हा शब्द आज इतका रुळला आहे की त्याच्या उगमाचा विचार सहसा कोणी करीत नाही. मासे ठेवण्याची काचेची पेटी, मोटारीतील इंधनाचे पात्र, रेल्वेस्थानकावरील पाण्याचा साठा, रणांगणावरील चिलखती वाहन आणि धोरणविषयक चिंतन करणारी ‘थिंक टँक’ नावाची संस्था या सर्वांना तो एकच शब्द पुरतो. भारतीय भाषांनी इंग्रजीला दिलेल्या शब्दांच्या याद्यांमध्ये त्याला स्थान मिळते आणि त्यापुढे मराठी-गुजराती ‘टाके’ अथवा ‘टांकुं’ असे मूळ नोंदवून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात हा विषय इतक्यात संपणारा नाही. या शब्दाला दोन कुळे सांगितली जातात, एक भारतीय आणि एक युरोपीय. या दोन कुळांत पाणी साठवण्याच्या दोन भिन्न कल्पना दडलेल्या आहेत. इंग्रजी राजवटीने हा शब्द ज्या प्रदेशात सर्वाधिक वापरला, त्या दक्षिणेत, विशेषतः म्हैसूर संस्थानात, त्याची गाठ ‘केरे’ या तिसऱ्याच शब्दाशी पडली. केरे हा शब्द टँक या शब्दाखाली झाकला गेला तेव्हा नेमके काय झाकले गेले, हा प्रश्न व्युत्पत्तिशास्त्राइतकाच तौलनिक साहित्याच्या अभ्यासाचाही आहे. कारण कन्नड आणि मराठी या शेजारच्या भाषांमधील देवाणघेवाण आजही अनेकदा इंग्रजीच्या वाटेने होते आणि त्या वाटेवर हा शब्द उभा आहे.

१. दोन कुळांचा वाद

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘टँक’ची गणना दुहेरी उगमाच्या, संभ्रमात टाकणाऱ्या शब्दांत केलेली आहे. एका बाजूला मराठी ‘टांकें’, गुजराती ‘टांकुं’ आणि राजस्थानातील ‘टांका’ हे शब्द आहेत. पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेला किंवा बांधून काढलेला हौद असा त्यांचा अर्थ आहे. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज ‘तांक’ हा शब्द आहे. स्पॅनिश ‘एस्तांके’ आणि फ्रेंच ‘एतां’ हे त्याचे नातलग मानले जातात. या युरोपीय शब्दांच्या लॅटिन मुळाविषयी मतभेद असले, तरी वाहते पाणी थांबवणे, अडवणे, तुंबवणे हा अर्थ त्या परिवाराच्या मुळाशी आहे. इंग्रजीतील साचलेल्या पाण्याचा वाचक असलेला ‘स्टॅग्नंट’ हा शब्दही याच अर्थक्षेत्रातला आहे.

भारतीय उगमाच्या बाजूने भूगोल बोलतो. इंग्रजांच्या पहिल्या वखारी सुरतेस आणि पश्चिम किनाऱ्यावर होत्या. १७ व्या शतकाच्या पूर्वार्धापासून इंग्रज प्रवाशांच्या लेखनात हा शब्द दिसू लागतो आणि तो हिंदुस्थानातील तळी-हौदांच्या वर्णनातच येतो. इंग्लंडमध्ये राहून लिहिणाऱ्याला त्याची गरज नव्हती. तिकडे ‘पाँड’ होते आणि ‘सिस्टर्न’ही होते. हिंदुस्थानात मात्र दगडी पायऱ्यांनी बांधलेला, देवळापुढचा किंवा गावाबाहेरचा जो जलाशय दिसला, त्याला घरचा कोणताच शब्द चपखल बसेना.

युरोपीय उगमाच्या बाजूने कालक्रम बोलतो. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची जी पोर्तुगीज रोजनिशी उपलब्ध आहे, तिच्यात १४९८ मधील कालिकतच्या वर्णनात दगडी बांधणीच्या जलाशयासाठी ‘तांक’ हाच शब्द आलेला आहे. हे पोर्तुगीज खलाशी मलबारच्या किनाऱ्यावर नुकतेच उतरले होते. मराठी किंवा गुजराती भाषकांशी त्यांचा असा सहवास घडला नव्हता की त्यांचा शब्द उचलून तो आपल्या रोजनिशीत कोणत्याही स्पष्टीकरणाविना लिहावा. अर्थात तो शब्द त्यांनी घरूनच आणला असणार. पोर्तुगीजांच्या मागून आलेल्या इंग्रजांनी किनारपट्टीवरील व्यवहाराच्या पोर्तुगीज बोलीतून अनेक शब्द घेतले. हाही त्यांतलाच एक असे मानण्यास मोठी अडचण नाही.

गोव्याचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी पोर्तुगीज आणि आशियाई भाषांमधील शब्दसंबंधांवर १९१३ पासून जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांच्या कार्याचे महत्त्व येथे लक्षात घ्यावे लागते. कोकणी ही मातृभाषा आणि पोर्तुगीज ही विद्याभाषा असलेल्या या अभ्यासकाने शब्दांचा प्रवास एकाच दिशेने होतो हे गृहीत धरले नाही. सारखे दिसणारे दोन शब्द भेटतात तेव्हा त्यांतला एक उसनाच असला पाहिजे असे नाही. दोन्ही आपापल्या घरचे असू शकतात आणि भेटीनंतर एकमेकांना बळ देऊ शकतात. ‘टँक’च्या बाबतीत हीच शक्यता सर्वांत सयुक्तिक वाटते. पोर्तुगीज ‘तांक’ इंग्रजांच्या कानावर पडला, पश्चिम हिंदुस्थानात त्याला ‘टांकें’चा दुजोरा मिळाला आणि दोहोंच्या संगमातून इंग्रजी शब्द स्थिर झाला.

येथपर्यंतचा वाद ध्वनींचा आणि तारखांचा आहे. अर्थाच्या अंगाने पाहिले असता एक वेगळी बाब पुढे येते. मराठी टाके आणि पोर्तुगीज तांक यांचा उच्चार जवळजवळ सारखा असला, तरी त्यांच्यामागील क्रिया सारखी नाही.

२. टाके : कोरलेले पाणी

मराठीत ‘टाके’ हा शब्द एकटा नाही. पाथरवटाच्या छिन्नीला ‘टाकी’ म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण सर्वश्रुत आहे. जात्याला टाकी लावणे हा ग्रामीण जीवनातला नित्याचा प्रयोग होता. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी आणि ‘टंक’ म्हणजे छाप मारलेले नाणेही. नाणी पाडण्याची जागा ती ‘टंकशाला’, म्हणजे मराठीतील टाकसाळ. देव्हाऱ्यातील धातूच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची प्रतिमा म्हणजे ‘टाक’. टंकलेखन हा आधुनिक शब्दही याच परिवाराच्या आधाराने घडवला गेला. या सर्व शब्दांत कठीण पृष्ठभागावर आघात करून खूण, आकार किंवा पोकळी निर्माण करणे ही क्रिया समान आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि १८५७ च्या सुधारलेल्या मराठी कोशात हौदवाचक आणि छिन्नीवाचक असे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत. त्यांचे नाते व्युत्पत्तीने पूर्ण सिद्ध करता आले नाही तरी मराठी भाषकाच्या मनात ते जिवंत आहे. टाके म्हणजे टाकीने कोरलेले.

सह्याद्रीच्या बसाल्टाने या कल्पनेला आधार दिला. डोंगरमाथ्यावर विहीर लागत नाही आणि वाहता झरा उन्हाळ्यात आटतो. अशा ठिकाणी कातळात चौकोनी पोकळी कोरून पावसाचे पाणी धरणे हाच उपाय उरतो. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी प्रसिद्ध आहेत. जवळजवळ प्रत्येक गिरिदुर्गावर अशी टाकी आहेत आणि कित्येकांत वैशाखातही पाणी सापडते. ही विद्या किल्ल्यांहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कान्हेरी आणि जुन्नर येथील लेण्यांतील भिक्षूंसाठी दात्यांनी पाण्याची टाकी खोदून दिली आणि तसे ब्राह्मी लेख कोरवले. त्या प्राकृत लेखांमध्ये टाक्यासाठी ‘पोढि’ असा शब्द येतो. वस्तू तीच राहिली आणि शब्द बदलला. पोढि लोपला, टाके रूढ झाले.

टाक्याची काही लक्षणे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. टाके मर्यादित असते. त्याला चार भिंती आणि एक तळ असतो. एकदा कोरले की गाळ काढण्यापलीकडे फारशी देखभाल लागत नाही. त्यातील पाणी पिण्यासाठी असते, शेतीसाठी नव्हे. वरच्या टाक्यातले पाणी खालच्या टाक्यात जाण्याची सोय क्वचित केलेली आढळते, पण मूलतः प्रत्येक टाके स्वयंपूर्ण असते. थोडक्यात, टाके हे पात्र आहे.

३. केरे : अडवलेले पाणी

सह्याद्री ओलांडून दक्षिणेकडे म्हैसूरच्या पठारावर उतरले की भूरचना बदलते. येथे ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचे, मंद चढउतारांचे, जुन्या झिजेचे पठार आहे. पाऊस बेताचा आणि नद्यांची पात्रे शेतापासून खोल. दोन चढांमधील सखल भागातून पावसाळी ओहोळ वाहतो. त्याच्या आडवा मातीचा बांध घातला की मागे पाणी साचते आणि पुढची जमीन भिजते. बांध ओलांडून वाहणारे जास्तीचे पाणी पुढच्या बांधामागे थांबते. अशा रीतीने एका खोऱ्यात वरपासून खालपर्यंत जलाशयांची माळ तयार होते. या जलाशयाला कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात.

बरो आणि एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात केरे या शब्दाचे नाते तमिळ ‘चिरै’ आणि मलयाळम ‘चिर’ या शब्दांशी जोडलेले आहे. तमिळ शब्दाचे अर्थ अटकाव, बंदिवास, बांध असे आहेत. तेलुगूत याच परिवारातील ‘चेर’ म्हणजे तुरुंग आणि ‘चेरुवु’ म्हणजे तलाव. म्हणजे केरे या शब्दाच्या मुळाशी अडवणे ही क्रिया आहे. पोर्तुगीज-स्पॅनिश शब्दाच्या मुळाशीही तीच क्रिया आहे. ज्या दोन भाषापरिवारांचा एकमेकांशी कोणताही संबंध नाही, त्यांनी पाणी थांबवण्याच्या एकाच अनुभवातून आपापले शब्द घडवले. इंग्रजी ‘टँक’चा ध्वनी मराठी टाक्याला जवळचा, पण ‘टँक’च्या युरोपीय कुळाचा अर्थ मात्र कन्नड केरेला जवळचा, असा हा विलक्षण योग आहे.

हा फरक इंग्रजांच्या नजरेतून सुटला नव्हता. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या आदेशावरून फ्रान्सिस बुकॅनन १८०० मध्ये मद्रासहून निघाला आणि म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांतून फिरला. त्याचे तीन खंडांतील प्रवासवृत्त १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्रासजवळील चेंबरंबाकमचा जलाशय पाहून त्याने आवर्जून लिहिले की, हा बंगालमधील टँकप्रमाणे खोदून केलेला नाही, दोन नैसर्गिक उंचवट्यांमधील फट बांधाने बुजवून तयार केलेला आहे. बंगालचा पुकुर खोदलेला, महाराष्ट्राचे टाके कोरलेले, दक्षिणेचे केरे अडवलेले आणि या तिन्हींना इंग्रजी शब्द एकच. बुकॅननने भेद नोंदवला, परंतु शब्द बदलला नाही.

केरेच्या भोवती कन्नडमध्ये एक सबंध शब्दसृष्टी आहे. बांधाला ‘एरी’, पाणी सोडण्याच्या दाराला ‘तूबु’, जास्तीचे पाणी वाहून जाण्याच्या वाटेला ‘कोडी’ आणि शेतांना पाळीने पाणी देणाऱ्या गावकामगाराला ‘नीरगंटी’ म्हणतात. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, तेच येथे नीरगंटी करतो. लहान तळ्याला ‘कुंटे’ किंवा ‘कट्टे’, देवळाच्या पायऱ्यांच्या पुष्करिणीला ‘कल्याणी’ अशी वेगळी नावे आहेत. केरे बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला जमीन इनाम देण्याची रीत होती. अशा इनामाला ‘कट्टुकोडगे’ म्हणत. बी. एल. राईस यांनी १८८६ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या खंडांमध्ये केरे बांधल्याचे, त्यांची डागडुजी केल्याचे आणि त्यासाठी दिलेल्या दानांचे शिलालेख विपुल आहेत. टाक्याचे दान एकदा देऊन पुरे होत असे. केरेला पिढ्यान्‌पिढ्या माणसांची गरज लागे.

४. म्हैसूरच्या दफ्तरात

म्हैसूर हे या शब्दांच्या भेटीचे ठिकाण ठरले, यामागे राजकीय इतिहास आहे. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर, पुढे व्यंकोजीकडून ती चिक्कदेवराज वोडेयर यांनी घेण्याचा व्यवहार आणि मोगल सरदार कासिमखानामार्फत १६८७ मध्ये तो पूर्ण होणे, या घटनांपासून मराठी भाषा कानडी मुलखाच्या कारभारात रुजली होती. हैदर आणि टिपू यांच्या काळातही म्हैसूरच्या दफ्तरात कन्नड आणि फारसीबरोबर मराठीत हिशोब ठेवले जात. त्या कारभारात वाढलेले पूर्णय्या १७९९ ते १८११ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर शहरात पाणी आणण्यासाठी त्यांनी हाती घेतलेल्या कालव्याला आजही पूर्णय्या नाला म्हणतात. केरे, तलाव आणि टँक हे तीन शब्द एकाच कचेरीत, एकाच जलाशयासाठी वापरले जात असतील, तर ती कचेरी म्हैसूरची होय.

म्हैसूरपासून जवळच असलेल्या तोण्णूरच्या जलाशयात ही त्रिभाषिकता गोठून राहिली आहे. स्थानिक लोकांसाठी ते तोण्णूर केरे. निजामाचा पुत्र नासिरजंग १७४६ मध्ये तेथे आला असता त्याने त्याला ‘मोती तलाब’ असे नाव दिले, असे राईस नोंदवतात. इंग्रजी कागदपत्रांत तो ‘टँक’ झाला. पहिल्या नावात बांध आहे, दुसऱ्यात पाण्याचे सौंदर्य आहे, तिसऱ्यात फक्त वर्ग आहे.

१८३१ मध्ये तिसरे कृष्णराज वोडेयर यांच्याकडून कारभार काढून घेतला गेला आणि पुढची पन्नास वर्षे म्हैसूरवर ब्रिटिश कमिशनचा अंमल राहिला. या काळात ‘टँक’ हा शब्द वर्णनाचा न राहता प्रशासनाचा झाला. संस्थानचे मुख्य अभियंता मेजर सँकी यांनी १८६६ मध्ये मांडलेला निष्कर्ष या संदर्भात प्रसिद्ध आहे. संस्थानच्या २७,२६९ चौरस मैल क्षेत्रापैकी सुमारे ६० टक्के क्षेत्र लोकांनी आपल्या चिकाटीने या जलाशयांच्या व्यवस्थेखाली आणले आहे. त्या क्षेत्रात नव्या जलाशयासाठी जागा शोधणे जवळजवळ अशक्य आहे, कारण कोठेही नवा बांध घातला तरी तो खालच्या कोणाचे तरी पाणी तोडील. सँकींना माळ दिसली होती. त्यांच्या हाती असलेला शब्द मात्र सुट्या पात्राचा होता. ‘मेजर टँक’ आणि ‘मायनर टँक’ अशी वर्गवारी झाली की माळेतील प्रत्येक मणी वेगळा मोजला जातो, त्याचा महसूल वेगळा आकारला जातो आणि त्याची दुरुस्ती वेगळी ठरते. शब्दाने धोरण घडते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु धोरणाला सोयीचा शब्द आयता मिळाला हे खरे. १९११ मध्ये संस्थानने ‘टँक पंचायत रेग्युलेशन’ केले. गावाच्या हातून सुटलेली व्यवस्था पुन्हा गावाकडे देण्याच्या या प्रयत्नाच्या नावातच परका शब्द आणि देशी संस्था एकत्र आलेल्या दिसतात.

फर्डिनांड किट्टेल यांनी १८९४ च्या कन्नड-इंग्रजी कोशात केरेचा अर्थ सांगताना ‘टँक’ हाच पर्याय योजला. कोशकाराला दुसरा पर्याय नव्हता, कारण तोपर्यंत अँग्लो-इंडियन इंग्रजीत ‘टँक’चा अर्थ केरे असा झालेला होता. अडचण नंतर निर्माण झाली. इंग्लंडातील इंग्रजीत हा शब्द बंदिस्त पात्राकडे सरकत गेला आणि हिंदुस्थानातील अर्थ मागे राहिला. कोशातील शब्द तोच असूनही वाचणाऱ्याच्या मनातील चित्र बदलले.

म्हैसूर शहराची आजची भाषा हा बदल दाखवते. तिसऱ्या कृष्णराजांनी राणी लिंगाजम्मण्णी यांच्या स्मरणार्थ १८२८ मध्ये बांधलेल्या जलाशयाचे नाव ‘लिंगांबुधि’, म्हणजे नावातच समुद्र आहे. १८६४ मध्ये त्यांच्याच काळात झालेले कुक्करहळ्ळी केरे आज विद्यापीठाच्या परिसरात आहे. कुवेंपूंच्या नित्याच्या फिरण्याशी ते जोडले गेले आहे आणि त्यालगतच्या विद्यापीठनगरीला १९६० मध्ये ‘मानसगंगोत्री’ हे जलवाचक नाव त्यांनीच दिले. पूर्वीच्या इंग्रजीत या सर्वांना ‘टँक’ म्हणत, आता ‘लेक’ म्हणतात. दोड्डकेरे म्हणजे मोठे केरे. ते आता मैदान आहे, तेथे दसऱ्याचे प्रदर्शन भरते आणि पाणी फक्त नावात उरले आहे. कर्नाटक राज्याने २०१४ मध्ये जलाशयांच्या रक्षणासाठी प्राधिकरण स्थापण्याचा कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावात ‘लेक’ होते, २०१८ च्या दुरुस्तीने तेथे ‘टँक’ आले. कन्नडमध्ये दोन्ही वेळा शब्द ‘केरे’ हाच आहे. ‘लेक’ म्हटले की काठावरची बाग आणि निसर्ग डोळ्यांपुढे येतो, ‘टँक’ म्हटले की साठ्याचे घनफळ. केरे या शब्दात दोन्ही आहेत आणि शिवाय खालच्या शेतकऱ्याचा हक्कही आहे.

५. दोन कथा

शब्दांमधील हा फरक साहित्यात अधिक स्पष्ट दिसतो. ‘केरेगे हार’ हे कन्नडमधील सर्वांत प्रसिद्ध कथागीतांपैकी एक आहे. कल्लनकेरी गावचा मल्लनगौड केरे बांधतो, पण त्याला पाणी लागत नाही. जोशी सांगतो की घरातल्या सुनेचा बळी द्यावा लागेल. धाकटी सून भागीरथी निवडली जाते. ती माहेरी जाऊन येते, पण मनातले कोणाला उघड सांगता येत नाही. सर्वांसह केरेची पूजा होते, परतताना सोन्याचा वाटा विसरला म्हणून तिला मागे पाठवले जाते. ती पायरीपायरीने उतरते, तसतसे पाणी पायरीपायरीने चढते. लढाईवर गेलेला तिचा पती परत येतो, घडलेले कळताच तोही त्याच पाण्यात उडी घेतो.

मराठीत श्रावणातील शीतळासप्तमीची कहाणी याच बीजाची आहे. राजा गाव वसवतो, तळे बांधतो, तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात. सुनेला माहेरी पाठवून बाळ तळ्यात ठेवले जाते आणि तळे भरते. परतणारी सून वाटेत तळ्याची भक्तिभावाने पूजा करते आणि तिचे मूल जिवंत तिच्या पदरात परत येते.

बांधकामासाठी स्त्रीचा बळी हे कथाबीज बाल्कन प्रदेशातील पूल आणि किल्ल्यांच्या गीतांतही आहे. ॲलन डंडेस यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या संग्रहाने बाल्कन आणि भारतीय रूपे शेजारी ठेवली. मात्र तेथे बळीने भिंत उभी राहते, येथे पाणी येते. भिंतीत चिणलेली स्त्री दगडात बंद होते, भागीरथी वाढणाऱ्या पाण्यात विरते आणि ते पाणी सर्व गावाचे होते. कन्नड गीत शोकात संपते, मराठी कहाणी व्रताच्या फलश्रुतीत. परंतु एका गृहीतात दोन्ही एक आहेत. बांध घालून जागा तयार होते, पाणी मात्र विकत घेता येत नाही, ते मागावे लागते, आणि त्याचे मोल घराच्या ज्या व्यक्तीला नकाराचा अधिकार नाही तिच्याकडून वसूल होते.

या कथांचा अनुवाद इंग्रजीत करताना केरे किंवा तळे यांच्या जागी ‘टँक’ येतो. व्याकरणदृष्ट्या तो बरोबर आहे, अँग्लो-इंडियन परंपरेला धरूनही आहे. तरी ज्या वाचकाच्या मनात टँक म्हणजे लोखंडी पात्र आहे, त्याच्यासाठी टँकला पाणी का लागत नाही हा प्रश्नच निरर्थक ठरतो, कारण पात्र भरायचे असते, त्याला पाणी ‘लागत’ नसते. कथेतील संकट एका शब्दाने नाहीसे होते.

६. शब्दाची परतफेड

हिंदुस्थानातील शब्द इंग्लंडात गेल्यावर १७ व्या शतकाच्या अखेरीस कृत्रिम पात्राचा अर्थ पत्करू लागला. यंत्रयुगाने त्याला पाणी, तेल, वायू अशा कोणत्याही द्रवाचा किंवा वायूचा साठा वाहण्यास लावले. पहिल्या महायुद्धात फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने ‘लँडशिप’ समिती नेमली. लिंकन येथील कारखान्यात घडणाऱ्या चिलखती यंत्राचा सुगावा लागू नये म्हणून ती पाणी वाहण्याची पात्रे आहेत अशी हूल उठवण्यात आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ हे आडनाव मुक्रर झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर ही यंत्रे प्रथम उतरली. त्याच वर्षी जुलैत म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले होते. ज्या शहरात टँक म्हणजे अजून केरेच होते, त्या शहरातील वृत्तपत्रवाचकांना हा नवा अर्थ पचवावा लागला. मराठीने या अर्थासाठी ‘रणगाडा’ हा स्वतंत्र शब्द घडवला. आपल्याच कुळाशी नाते सांगणारा शब्द शस्त्र होऊन परतला तेव्हा मराठीने त्याला ओळख दिली नाही, हे लक्षणीय आहे. ‘थिंक टँक’ हा प्रयोग आधी मेंदूचा विनोदी पर्याय होता, विचारसंस्थेचा अर्थ त्याला २० व्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. तेथेही कल्पना पात्राचीच आहे.

मराठीत पात्राचा अर्थ मात्र सहज परतला. घराच्या गच्चीवरील ‘पाण्याची टाकी’ हे टाक्याचे लघुरूप की टँकचे देशीकरण, हे आता वेगळे काढता येत नाही. त्यापुढचा शब्द ‘टँकर’. टँकरमुक्त, टँकरग्रस्त आणि मराठवाड्याला उद्देशून वृत्तपत्रांनी वापरलेला ‘टँकरवाडा’ हे शब्द दुष्काळाच्या मराठीचे भाग झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टँकरांतून पाणी गेले, तेव्हा या शब्दाच्या प्रवासाचे एक वर्तुळ पुरे झाले. साठवणीचा शब्द वाहतुकीचा झाला. पाणी जेथे पडते तेथे धरावे म्हणून टाके कोरले जाई, ते जेथे नाही तेथे वाहून न्यावे म्हणून टँकर धावतो.

त्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, अडवलेल्या पाण्याची परंपरा शिल्लक आहे. तेथील माजी मालगुजारी तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, लहान तळ्याला ‘बोडी’ म्हणतात. इंग्रजी अहवालांत हेही ‘टँक’च असतात. म्हैसूरच्या केरेचे खरे मराठी भावंड सह्याद्रीचे टाके नसून झाडीपट्टीचा हा तलाव आहे. समान इंग्रजी शब्दामुळे जी दोन वास्तवे एक वाटतात ती भिन्न आहेत, आणि ज्या दोन वास्तवांना जोडणारा शब्द नाही ती एक आहेत.

येथून अनुवादकाच्या प्रश्नाकडे येता येते. कन्नड केरेसाठी मराठीत टाके चालणार नाही आणि टाकी तर मुळीच नाही. ‘तळे’ कथेला शोभते, ‘तलाव’ व्यवहाराला. पण अडवण्याची क्रिया जिवंत ठेवणारा मराठी शब्द ‘धरण’ हा आहे. धरणे, रोखून ठेवणे, हाच त्याचा धात्वर्थ. मराठी माणूस ‘धरण भरले’ म्हणतो तेव्हा भिंतीचे नाव पाण्याला देतो. तमिळ चिरै आणि कन्नड केरे यांच्यात नेमके हेच अर्थांतर घडलेले आहे. मात्र विसाव्या शतकाने धरण या शब्दाला प्रचंड प्रकल्पाचा आणि विस्थापनाचा अर्थ जोडला, त्यामुळे भागीरथीच्या कथेत तो बसत नाही. म्हणून काही ठिकाणी केरे हा शब्द तसाच ठेवणे आणि त्याच्याबरोबर एरी, कोडी, तूबु यांनाही मराठीत येऊ देणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो. कल्याणी, पुष्करिणी, बावडी हे शब्द मराठीने पूर्वी असेच सामावून घेतले आहेत.

‘टँक’ मराठीने दिला की पोर्तुगीजांनी आणला, याचा अंतिम निवाडा झाला नाही तरी तौलनिक अभ्यासाचे फारसे अडत नाही. महत्त्वाचे हे की कोरणे आणि अडवणे या दोन क्रियांवर एका इंग्रजी शब्दाने पांघरूण घातले. कोरलेले पाणी एका वास्तूचे असते, अडवलेले पाणी वरच्या आणि खालच्या गावांमधील कराराचे असते. त्या कराराची आठवण ज्या शब्दांत टिकून आहे, ते शब्द शेजारच्या भाषेत परस्पर पोचले पाहिजेत. म्हैसूर आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये कधीकाळी एकाच दफ्तरातून अशी वाट जात होती. ती इंग्रजीच्या आधीची आहे आणि पुरती बुजलेली नाही.